वीस विठ्ठल

फणसाखालच्या गाडीचं काय करायचं, हा विषय आमच्या घरात तेरा वर्षं निघायचा आणि तेरा वर्षं तसाच मिटायचा. दिवाळीला दादा पुण्याहून आला की एकदा निघायचा. भंगारवाल्याचा भोंगा गावात वाजला की एकदा निघायचा. दर वेळी आई म्हणायची, "असू दे की. ती काय खायला मागालीय?"

आप्पा २०११ च्या श्रावणात गेले. त्याच्या आठ दिवस आधी त्यांनी स्वतःच्या हातानं गाडी फणसाखाली लावली होती, तोंड रस्त्याकडं करून. पुढच्या पावसाळ्यात टायर बसले. मग कोंबड्या सीटवर अंडी घालायला लागल्या, उंदरांनी वायरिंगची कुट्टी केली. हौद्यात फणसाची पानं कुजून बोटभर माती झाली आणि एका वर्षी त्या मातीत फणसाचंच रोप उगवून आलं. ते मी मुळांसकट उचललं आणि पिशवीत लावलं. माझी रोपवाटिका तेव्हा नुकती सुरू झाली होती.

गाडी म्हणजे टाटा मोबाईल २०६. बेळगावच्या पश्चिम भागात तिला सगळे नुसतं 'मोबाईल' म्हणायचे, हातातले मोबाईल गावात यायच्या कितीतरी आधीपासून. टाटांच्या जुन्या गाड्यांचे आकडे उगाच दिलेले नसत. पहिला आकडा साधारण किती टनांची गाडी ते सांगायचा, पुढचा इंजिनाची ताकद. ४०७ म्हणजे चार टन, सत्तर अश्वशक्ती. तसं २०६ म्हणजे दोन टन, साठ. ही गाडी १९८८ साली आली. टाटा मोटर्सचं नाव तेव्हा टेल्को होतं. आमच्या घरात ती १९९३ मध्ये आली, सोसायटीचं कर्ज काढून. पेढे वाटताना आप्पांचा हात थरथरत होता, असं आई सांगते. मला फक्त नव्या रेक्झिनचा वास आठवतो.

त्या गाडीनं गावाचा माल ओढला. रताळी, बटाटे, कोबी, भाताची पोती, कुणाच्या मुलीच्या लग्नाची भांडी, गणपतीची मूर्ती. तेव्हा भाजीचं होलसेल मार्केट बेळगावात किल्ल्याजवळ कॅन्टोन्मेंटच्या भागात भरायचं. पहाटे तिथं पोचायचं तर घरातून तीनला निघावं लागे. नवरात्राच्या तोंडावर रताळ्यांचा मोसम असायचा. उपासाला रताळी लागतात, आणि आमच्या तांबड्या मातीतली रताळी पार उत्तरेकडं जातात. त्या दिवसांत एकेका रात्री दोन खेपा व्हायच्या. आई बरोबर असायची. पोती मोजायला, विक्रीची पट्टी नीट बघून घ्यायला आणि आप्पांना डुलकी लागू नये म्हणून बोलत राहायला. शाळेला सुट्टी असली की मीही. मधे बसायची, गिअरच्या दांड्याला गुडघा लागू नये म्हणून पाय आईकडं वळवून.

जुन्या धाटणीचं डिझेल इंजिन थंडीत एका किल्लीत सुरू होत नाही. डिझेल ठिणगीनं पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटतं. आणि या जातीच्या इंजिनात ते आधी हेडमधल्या एका लहानशा कप्प्यात पेटतं, मग सिलिंडरमध्ये पसरतं. इंजिन गार असलं की त्या कप्प्याच्या भिंतीच सगळी ऊब पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक कप्प्यात एक हीटर प्लग असतो. चावी अर्धी फिरवून धरायची, प्लग लाल होऊ द्यायचे, मगच सेल्फ मारायचा. किती वेळ धरायची? आप्पांनी त्यासाठी कधी घड्याळ बघितलं नाही. ओठातल्या ओठात 'विठ्ठल' म्हणायचे, वीस वेळा. मुसळधार पावसाच्या पहाटे तीस वेळा. अंधारात, बंद काचांच्या आत, शेजारी बसलेल्या आईचेही ओठ हलत असायचे. मग एक घरघर, एक धक्का, पांढऱ्या धुराचा लोट, आणि गाडी अंगातून थरथरत जागी व्हायची.

रोपवाटिका वाढली तशी मला रोज गाडी लागायला लागली. काजूची, आंब्याची, सुपारीची कलमं खानापूर, चंदगडकडं जातात. मिरची, वांगी, कोबीच्या रोपांचे ट्रे आठवड्यातून चार दिवस आजूबाजूच्या गावांत. भाड्याची गाडी वेळेवर येत नाही आणि रोप उन्हात थांबत नाही. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, छोटा हत्ती घे. वाईट सल्ला नव्हता. २००५ मध्ये टाटा एस आली तेव्हापासून आमच्याकडचा निम्मा शेतमाल तिच्याच पाठीवरून जातो. मी शोरूमला जाऊन आले, हप्त्याचा हिशेब मांडला, कागदही घेऊन आले. त्या संध्याकाळी नळी धरून रोपांना पाणी घालत होते आणि समोर फणसाखाली तिचं तोंड दिसत होतं. दोन दिवे, मधली जाळी, जाळीवर वेल चढलेला. मी नळी खाली टाकली आणि वेल ओढून काढला. ठरलं ते तेव्हाच. कागद नंतर दादाला दाखवले इतकंच.

हौसेसाठी जुन्या गाड्या चकचकीत करणारे लोक आहेत. वर्षातून दोनदा बाहेर काढतात, पुसून परत झाकून ठेवतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांच्यामुळं कितीतरी गाड्या वाचल्या. पण मला ती पुसायला नको होती. मला तिच्यावर रोज सकाळी ऐंशी ट्रे चढवायचे होते, पावसात जांबोटीच्या रस्त्यानं न्यायची होती, आणि उन्हाळ्यात भर दुपारी कपिलेश्वरच्या पुलाजवळ वाहनांच्या गर्दीत अडकली तरी तापू नये एवढी धड करायची होती. या दोन वाटा पहिल्याच दिवशी वेगळ्या होतात, हे मला मिस्त्रींनी शिकवलं.

मिस्त्रींचं गॅरेज उद्यमबागेच्या बाजूला. बेळगावात गाडी दुरुस्त करणाऱ्याला एक मोठं सुख आहे. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, लेथ आहेत, ग्राइंडिंगवाले आहेत. एखादा भाग बाजारात मिळाला नाही तर तो करून देणारा माणूस दोन गल्ल्या सोडून सापडतो. मिस्त्रींची उमर वडापच्या, म्हणजे सीटवार भाडं घेऊन फिरणाऱ्या, सुमोंचं काम करण्यात गेली. पोरांशी कन्नडमध्ये, घरून फोन आला की दखनीत, माझ्याशी मराठीत. गाडी क्रेनला लावून आणली त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, रंग कुठला द्यायचा ते मी ठरवून ठेवलंय. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी खाली वाकून मागच्या चाकाच्या आत बघितलं. म्हणाले, "ताई, रंगाचं शेवटी बघू की. आधी थांबाय शिकू दे तिला, मग पळाय."

म्हणून पहिल्या महिन्यात इंजिनाला हातच लागला नाही. चारही चाकांचे ब्रेक उघडले. व्हील सिलिंडर गंजून धरले होते, लायनर ड्रमला चिकटले होते. मास्टर सिलिंडर नवा, नळ्या नव्या. ड्रम लेथवर पुसून घेतले. या गाडीला ब्रेक बूस्टर आहे आणि त्याला हवेची ओढ लागते. ती ओढ पेट्रोलच्या इंजिनात आपोआप तयार होते, डिझेलच्या होत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तो गेला की पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि भरलेली गाडी उतारावर हातात राहत नाही. मिस्त्रींनी तो पंप काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, हे बघून ठेवा, इंजिन बंद पडलं तर पेडलच्या पहिल्या दोन दाबांपुरतेच ब्रेक तुमचे. हे वाक्य मी गाडी चालवताना अजूनही मनात ठेवते.

मग चासी धुवायला घेतली. मी तिथंच होते. चासीच्या पोकळ पट्टीच्या आत पोरानं लोखंडी सळई घालून खरवडलं आणि आतून ढेकूळ निघालं, मुठीएवढं, वाळून विटेसारखं झालेलं. तांबडं. त्यात बारीक मुळ्या होत्या, भाताचं एक टरफल होतं आणि कुजलेल्या पोत्याच्या सुतळीचा तुकडा होता. पोरगं ते नाल्यात टाकणार होतं. मी मागून घेतलं. घरी आणून आईला दाखवलं तर तिनं चिमटीत धरून चुरलं, बघितलं आणि म्हणाली, "ही आपल्या खालच्या पट्टीतली न्हवं. ही खानापूरकडची. एवढी तांबडी आपल्याकडं कुठं हाय?" गाडीला शेवटची कुठली खेप झाली होती ते तिला त्या मातीवरून आठवलं.

सुट्या भागांची मला फार धास्ती होती. तीस वर्षांची, कधीच बंद झालेली गाडी. पण १९९१ ची सिएरा याच गाडीच्या पायावर उभी होती, आणि १९९४ मध्ये आलेल्या सुमोत हेच इंजिन होतं. चार सिलिंडर, ८३ मिलिमीटरचा बोअर, १९४८ सीसी. ४८३ हे इंजिनाचं नाव तिथूनच आलं. 'सुमो' हे नाव सुमंत मूळगावकरांच्या नावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेलं, आणि टेल्को ज्यांनी उभी केली त्या माणसाचं नाव असं गावोगावच्या वडापवर फिरलं. सुमो इतक्या खपल्या की पिस्टन, रिंगा, शेल बेअरिंग, हेड गास्केट आजही मिळतं. न मिळालेलं कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात मिळालं. दाराच्या काचेचं हँडल तेवढं कुठंच मिळालं नाही. ते जुनंच आहे, आप्पांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेलं.

टाकीचं काम मी घरी केलं. तेरा वर्षांत उरलंसुरलं डिझेल डांबरासारखं झालं होतं आणि तळाला गंजाचे पापुद्रे. टाकीत दोन ओंजळी बारीक खडी आणि दोन लिटर डिझेल घालायचं, तोंड बंद करायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून हलवत राहायचं. मी आणि माझा भाचा अंगणात दोन दिवस हेच करत होतो. ओतलं की चहाच्या रंगाचं पाणी, परत भरायचं, परत हलवायचं. सहाव्या खेपेला डिझेल स्वच्छ बाहेर आलं तेव्हा भाच्यानं अशी आरोळी ठोकली की शेजारचे बाहेर आले.

पत्र्याच्या कामाला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि भांडणंही तिथंच झाली. आमच्या भागातला पाऊस पत्र्याला सोडत नाही. केबिनच्या तळाला पायाखालून जमीन दिसत होती. तो सगळा कापून नवा पत्रा जोडला, आतून गंजरोधक मारून. दारांचे खालचे काठ नवे. इथपर्यंत मी काही बोलले नाही. पण टिंकरनं फाळक्यावरचा मोठा पोचा काढायला हातोडा उचलला तेव्हा मी थांबवलं. तो पोचा १९९७ चा. आप्पा मागं घेत असताना गोठ्याच्या खांबाला लागला होता, आणि त्यानंतर गाडी मागं घेताना आई खाली उतरून हात दाखवायला लागली. टिंकर म्हणाला, पुट्टी भरून असा सपाट करतो की कळणार नाही. मी म्हटलं, मला कळायला पाहिजे. मग पोच्याच्या खोबणीतला गंज घासून, प्रायमर देऊन तो तसाच ठेवला. पोचा ठेवणं ठीक, गंज ठेवणं नाही, एवढा नियम मी स्वतःपुरता केला. हौद्याच्या तळाला आप्पांनी मत्तीच्या फळ्या टाकल्या होत्या. चारांतल्या तीन अजून टणक निघाल्या. चौथी नवी घातली, ती अजून फिकी दिसते.

काही गोष्टींत जुन्याला धरून राहायचं नाही हेही ठरवलं होतं. वायरिंग सगळं नवं, दिव्यांना रिले, म्हणजे सगळा करंट स्विचमधून जाऊन स्विच जळायला नको. पूर्वीचे दिवे मेणबत्तीसारखे होते. आप्पा पावसात काच खाली करून डोकं बाहेर काढून चालवायचे. दोन्ही सीटना खांद्यावरून येणारे पट्टे. रिफ्लेक्टर टेप, पुढं पांढरी, बाजूंना पिवळी, मागं लाल. अंधारात ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागून धडकलेली माणसं मी बघितली आहेत, म्हणून टेपच्या बाबतीत कंजूषपणा केला नाही.

सीट उसवली तेव्हा खालच्या कप्प्यात तारेचं भेंडोळं, नट खोलायचे दोन पाने, एक कोरडी पडलेली चुन्याची डबी आणि भाड्याची वही मिळाली. अक्षर आईचं. ती चौथीपर्यंत शिकली आहे. वहीला चार रकाने आखलेले, तारीख, माल, कुणाचा, भाडं. रताळी १४ पोती. बटाटे २२. भात. शेणखत. भाड्याच्या रकान्यात रुपये, किंवा 'येणं', आणि मिळाले की त्यावर आडवी रेघ. अशी पानंच्या पानं. मधेच काही ओळी अशा होत्या की मालाच्या रकान्यात 'दवाखाना' लिहिलेलं, किंवा 'बाळंतपण', एका ठिकाणी 'साप', पुढं त्या घराचं नाव, आणि भाड्याचा रकाना कोरा. 'येणं' पण नाही. मी मोजल्या, एकेचाळीस होत्या. आईला विचारलं, यांचे पैसे लिहायचे राहिले काय? तिनं चष्मा लावून एकदा बघितलं आणि वही मिटून मला दिली. "त्याला कोण भाडं घेतंय?" मग थोड्या वेळानं चुलीजवळून म्हणाली, "तारीख तेवढी लिवायची. डिझेल कुठं गेलं ते कळाय पाहिजे म्हणून."

केबिनच्या कपाळावर आप्पांनी 'श्री मरगाईदेवी प्रसन्न' असं रंगवून घेतलं होतं, वर मराठीत, खाली कन्नडमध्ये. पेंटरनं विचारलं, दोन्ही लिहायचं काय? प्रश्न त्यानं सरळ मनानं विचारला, पण आमच्याकडं असा प्रश्न नुसता रंगाचा राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला तेव्हापासून पाटीवरच्या अक्षरांवरून इथं माणसं रस्त्यावर आली आहेत, मार खाल्ला आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझ्या आजोबांनी सीमालढ्यात तुरुंग बघितला, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आणि याच घरातली ही गाडी केए २२, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगावच्या नंबरची. सीमेवर काही पेटलं की आप्पा ती सीमेवरच्या बाचीच्या अलीकडं थांबवायचे आणि महाराष्ट्रातल्या शिनोळीहून आलेली माणसं पोती खांद्यावरून पलीकडं न्यायची. माल नासू नये हे दोन्हीकडच्यांना कळत होतं. देवी दोन्ही भाषांतल्या माणसांची आणि गाडीत बसलेली माणसंही दोन्ही भाषांतली. मी पेंटरला म्हटलं, आप्पांनी होतं तसंच. त्यानं मराठी ओळ आधी रंगवली.

कागदांबद्दल लिहायचं म्हणजे अजून डोकं दुखतं. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरावा लागतो, आणि तो तीन महिन्यांत भरायचा असतो. आम्ही तेरा वर्षांनी गेलो. एका कार्यालयात चार फेऱ्या झाल्या. एका खिडकीवर सांगितलेलं दुसऱ्या खिडकीवर चालायचं नाही, आणि आईला सत्तरीच्या पुढं दोनदा जिने चढून सहीसाठी यावं लागलं. माझा संताप तेवढ्यासाठीच आहे, दंड तर आमच्या चुकीचाच होता. दादानं आणि मी ना-हरकत लिहून दिली. गाडी आता आईच्या नावावर आहे. जिनं अठरा वर्षं त्या गाडीत बसून एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही, ती मालक. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतो आणि पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला त्याची फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. ते धरूनच हिशेब करावा, हे कुणी असं काम काढणार असेल तर त्याला माझं सांगणं. मला एक दिलासा मिळाला. ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. मोटारीचा परवाना माझ्याकडं होताच. जुनी, हातानं रंगवलेली पिवळी नंबरप्लेट उतरून आता होलोग्रामची पिवळी आली. जुनी आईनं देवळीत ठेवली आहे.

इंजिन सुरू झालं तो दिवस मोठा होता, पण सांगण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे. धुराच्या चाचणीत गाडी बसेना. या जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. आमची त्याच्या वर जात होती. मिस्त्रींनी डिझेल पंपाचा स्क्रू थोडा कमी केला. धूर उतरला, पण चढाला गाडी मरगळली. त्या दिवशी मी पहिल्यांदा आईला शेजारी बसवून सुळग्याच्या बाजूला एक फेरी मारली. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "आवाज बरोबर न्हाई. एक पाय आखडलेल्या बैलागत चाललीय बघ. तीन पायांवर."

मला तर आवाज छानच वाटत होता. मिस्त्रींना भीतभीतच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. चालू इंजिनावर पाना घेऊन, डिझेल आत फवारणाऱ्या पहिल्या नोझलच्या पाइपचा नट जरा ढिला केला. डिझेल फसफसलं, इंजिनाचा आवाज लगेच पडला. घट्ट केला, आवाज परत उठला. दुसरा, तसंच. तिसरा ढिला केला आणि आवाज जसाच्या तसा राहिला. ते सिलिंडर काम करतच नव्हतं. पुसट काहीतरी जळत होतं, त्याचाच धूर. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि गॅरेजच्या बाहेर खुर्चीवर बसलेल्या आईकडं गेले. "मावशी, तुमी आधीच का आला न्हाई?"

नोझल तपासायच्या दुकानात मी मुद्दाम गेले. हातानं दाबायचा पंप असतो, त्याला नोझल लावायचं. चांगलं नोझल 'कर्र' असा आवाज करतं आणि डिझेलचं धुकं सोडतं. आमच्या तिसऱ्यातून धार येत होती, आणि दाब सोडल्यावर टोकाला थेंब धरून राहायचा. हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रोपवाटिकेत फॉगरचं तोंड बुजलं की धुक्याऐवजी असाच थेंब पडतो आणि ट्रेमधलं नेमकं तेवढंच रोप कुजतं. चारही नोझल नवे घातले, पंपाचा स्क्रू मूळच्या जागी नेला. धूर मर्यादेच्या आत आला आणि हिंडलग्याचा चढ तिनं तिसऱ्या गिअरमध्ये काढला.

खर्च सगळा मिळून दोन लाख चाळीस हजार झाला, कागदांचा धरून. नव्या गाडीपेक्षा कमी, पण एवढ्या पैशांत जुनी चालू गाडी मिळाली असती हेही खरं. लिटरला जेमतेम बारा-तेरा किलोमीटर देते. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळं उभ्या गाडीत चाक वळवताना खांदे भरून येतात. कलमं उतरवताना मात्र हौदा इतका सोयीच्या उंचीवर येतो की वाकावं लागत नाही. गेल्या खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खानापूरला काजूची तीनशे कलमं पोचवली.

आई अजून बरोबर येते, रोज नाही, गुडघे दुखत नसले की. ती येते त्या दिवशी गाडीत जुनीच व्यवस्था असते, वही तिच्याकडं, पाण्याची बाटली पायाशी. हीटर प्लग मी नवे घातले आहेत. ते सात विठ्ठलांत लाल होतात, एकटी असले की मी सातावरच सेल्फ मारते. आई शेजारी असली की तिचे ओठ हलायला लागतात आणि साताशी थांबत नाहीत. मी चावी अर्ध्यावर धरून ठेवते. हीटर प्लगचा दिवा विझतो, बाहेर कोंबडा आरवतो, काचेवर दव साचलेलं असतं. वीस झाले की ती पदर सारखा करते, आणि मी चावी फिरवते.